एकशे ऐंशी अंश कोणाचे?

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य शाळा सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसालाही पाठ असते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र विसरते, वर्गसमीकरण विसरते, हे मात्र राहते. पण पाठ झालेल्या गोष्टीचे नवल उरत नाही, आणि या वाक्यात नवल करण्यासारखे पुष्कळ आहे. त्रिकोण सुईसारखा निमुळता काढा, पसरट काढा, वहीच्या कोपऱ्यात काढा किंवा शेताच्या तीन बांधांवर खुंट्या ठोकून आखा. कोन वाटेल तसे बदलतील, बेरीज बदलणार नाही. बाजूंच्या बेरजेला असे कसलेच बंधन नाही, क्षेत्रफळालाही नाही. मग कोनांनाच ही शिस्त कोणी लावली? गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत या प्रश्नावर जे काम झाले ते एकत्र पाहिले, तर उत्तर एकाच दिशेला जाते. १८० हा आकडा त्रिकोणापेक्षा, तो ज्या पृष्ठभागावर काढला त्या पृष्ठभागाविषयी अधिक सांगतो. आणि त्यातला खरा मजकूर बेरजेचा नाहीच. आकार आणि आकारमान एकमेकांपासून सुटे करता येतात, हा त्याचा मजकूर आहे.

शाळेत हे प्रमेय साधारणपणे तीन टप्प्यांत भेटते. आधी कोनमापकाने मोजून, मग कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवून, आणि शेवटी सिद्धतेने. पहिल्या दोन टप्प्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. कोपरे जुळवल्यावर सरळ रेषा तयार होताना पाहणे हा खरा अनुभव आहे, आणि त्यावाचून सिद्धता कोरडी राहते. पण या पुराव्याची ताकद किती, हेही पाहिले पाहिजे. कंपासपेटीतला कोनमापक फार तर अर्ध्या अंशापर्यंत विश्वासाचा. तीन कोन मोजले की चुका साठतात आणि वर्गात कोणाची बेरीज १७८ येते, कोणाची १८१. मग शिक्षक सांगतात, मोजताना चूक झाली. ही चूक आहे हे त्यांना कसे कळले? १८० आधीच माहीत आहे म्हणून. म्हणजे मोजमाप प्रमेय सिद्ध करत नाही, उलट प्रमेय मोजमापाची परीक्षा घेते. फाडलेल्या कोपऱ्यांचेही तसेच. १७९.७ अंश आणि १८० अंश यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. शिवाय कागद सपाट आहे, ही गोष्ट प्रयोगात सुरुवातीलाच घुसवलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

अंश हा आकडाही बाजूला ठेवलेला बरा. वर्तुळाचे ३६० भाग करणे ही बाबिलोनी साठ-आधारित मोजणीतून आलेली सोय आहे. युक्लिडने अंश वापरलेच नाहीत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास रचलेल्या त्याच्या ग्रंथात, पहिल्या पुस्तकातल्या ३२ व्या विधानात, त्रिकोणाचे तीन आंतरकोन मिळून दोन काटकोन होतात असे म्हटले आहे. त्याच विधानात आधी बाह्यकोन येतो: तो दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा. हे प्रमेय युक्लिडहून जुने आहे. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस, यूडेमसच्या हवाल्याने, त्याचे श्रेय पायथागोरसच्या पंथीयांना देतो आणि त्यांची सिद्धताही सांगतो. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची. व्युत्क्रम कोन समान, म्हणून पायाचे दोन्ही कोन वर येऊन शिरोबिंदूच्या कोनाच्या दोन बाजूंना बसतात, आणि तिघे मिळून एक सरळ कोन भरतो. आपल्याकडे शिकवतात ती हीच सिद्धता. ॲरिस्टॉटलला तर हे प्रमेय इतके पक्के वाटत होते की अढळ, अनिवार्य सत्याचे उदाहरण म्हणून तो ते पुन्हा पुन्हा देतो.

सिद्धता तीन ओळींची आहे, पण तिचा सगळा भार एका रेषेवर आहे. शिरोबिंदूतून काढलेली ती समांतर रेषा एकच असते आणि तिच्यामुळे व्युत्क्रम कोन समान होतात, हे कशावरून? युक्लिडकडे याचे उत्तर पाचवे गृहीतक: दोन रेषांना छेदिकेने छेदले आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरली, तर त्या रेषा त्या बाजूला वाढवल्यावर कुठेतरी मिळतात. या गृहीतकाला हात लावायला युक्लिड फारसा उत्सुक नसावा असे त्याच्या मांडणीवरून वाटते. पहिल्या २८ विधानांत त्याने ते एकदाही वापरलेले नाही. त्याआधी, १६ व्या आणि १७ व्या विधानांत, तो त्याच्याशिवाय जेवढे मिळेल तेवढे मिळवतो: बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ कोनाहून मोठा असतो, आणि त्रिकोणाचे कोणतेही दोन कोन मिळून दोन काटकोनांहून कमी भरतात. ‘मोठा’ आणि ‘कमी’ इथपर्यंत पाचव्या गृहीतकाशिवाय जाता येते. ‘नेमका एवढा’ म्हणायचे तर ते लागते. शाळेतली सिद्धता पाठ करताना नेमका हाच सांधा निसटतो.

गृहीतकाची ही अडचण टाळून बेरीज सिद्ध करण्याचे प्रयत्न कमी झाले नाहीत. त्यातला सर्वांत मोहक प्रयत्न गॉटिंगनचा गणितज्ञ टिबो याने १८०९ च्या सुमारास केला, आणि तो आजही शिक्षक-प्रशिक्षणात नव्या कल्पनेसारखा फिरत असतो. त्रिकोणाच्या कडेने चालत जा. प्रत्येक कोपऱ्यावर बाह्यकोनाएवढे वळा. फेरी संपवून मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभे राहिलात म्हणजे एक पूर्ण वळण झाले: ३६० अंश. प्रत्येक बाह्यकोन आणि त्याच्या लगतचा आंतरकोन मिळून १८०, तीन कोपऱ्यांचे ५४०, त्यातून ३६० वजा, उरले १८०. समांतर रेषेचे नावही नाही! आता हेच चालणे पृथ्वीच्या गोलावर करून पाहू. विषुववृत्तावर शून्य रेखांशापासून पूर्वेकडे ९० अंश रेखांशापर्यंत चला, डावीकडे काटकोनात वळा, सरळ उत्तर ध्रुवावर जा, पुन्हा डावीकडे काटकोनात वळा, शून्य रेखांशाने खाली विषुववृत्तावर या आणि तिसऱ्यांदा डावीकडे काटकोनात वळा. तोंड पुन्हा पूर्वेला. वळणे झाली एकूण २७० अंशांची. पूर्ण वळण ३६० चे असते हे एका जागी उभे राहून फिरणाऱ्यासाठी खरे आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली वळणे एकाच ठिकाणी घेतल्यासारखी मिळवता येतात, हे टिबोने न सांगता धरून चालले होते, आणि ते धरणे म्हणजेच पाचवे गृहीतक मागच्या दाराने आत घेणे होय.

गोलावरच्या त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत आणि बेरीज २७०. इथे एक रास्त हरकत निघते: हा मुळी त्रिकोणच नाही, त्याच्या बाजू वाकलेल्या आहेत. हरकत भूमितीच्या पुस्तकात शोभते, जमिनीवर नाही. पृथ्वीवर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचाच, म्हणजे गोलाला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचाच, असतो. तिथे राहणाऱ्याला त्याहून सरळ काही उपलब्ध नाही. अलेक्झांड्रियाचा मेनेलाउस याला इसवी सन १०० च्या सुमारास ठाऊक होते की गोलावरच्या त्रिकोणाचे कोन दोन काटकोनांहून जास्त भरतात. किती जास्त, हे आल्बेर झिरार याने १६२९ मध्ये सांगितले: वाढावा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून हिशेब केला तर साधारण दर १९७ चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, वाढतो. मुंबई, पुणे आणि नाशिक यांना जोडणाऱ्या त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून ४०-४५ विकला जास्त. ३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या महाराष्ट्राएवढा त्रिकोण घेतला तरी वाढावा सुमारे २६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), अर्ध्या अंशाहूनही कमी. पूर्ण एक अंश हवा असेल तर महाराष्ट्राच्या सव्वादोन पट मोठा त्रिकोण लागेल. वहीत हा फरक का सापडत नाही ते यावरून कळते. आणि सापडत नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही हेही.

मोजणीदारांना तो सापडत होता. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो दख्खनमधून वर सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. या कामात दोन कोन मोजले की तिसरा वजाबाकीने काढता येतो, पण शक्य तिथे तिसराही मोजत, कारण बेरीज ही मोजणीची चाचणी होती. मात्र ती १८० शी ताडून चालत नसे. १८० मध्ये त्या त्रिकोणाचा गोलीय वाढावा मिळवून मग ताडायची आणि उरलेली तफावत मोजणीची चूक म्हणून तीन कोनांत वाटून टाकायची. पुढच्या आकडेमोडीसाठी फ्रेंच गणितज्ञ लजाँद्रने १७८७ मध्ये दिलेली युक्ती होती: प्रत्येक कोनातून वाढाव्याचा एक-तृतीयांश वजा करा आणि त्रिकोण सपाट समजून चालू लागा. प्रमेयाचा याहून प्रामाणिक उपयोग क्वचितच झाला असेल. १८० कुठे खरे आणि कुठे किती खोटे, हे माहीत असलेल्या माणसांनी ते वापरले.

याहून अवघड कथा दुसऱ्या बाजूची आहे: बेरीज १८० पेक्षा कमी असू शकते का? इटलीचा सॅकेरी याने १७३३ मध्ये युक्लिडला निष्कलंक ठरवण्यासाठी पुस्तक लिहिले. पाचवे गृहीतक खोटे धरायचे आणि विसंगती गाठायची, अशी त्याची योजना. ‘जास्त’चा पर्याय त्याने लवकर निकालात काढला, कारण रेषा अमर्याद वाढवता येतात हे मान्य केले की तो टिकत नाही. ‘कमी’चा पर्याय मात्र मोडेना, एकामागून एक चमत्कारिक प्रमेये निघत राहिली, विसंगती निघाली नाही, आणि शेवटी हे सरळ रेषेच्या स्वभावाशी विसंगत आहे असे म्हणून त्याने प्रकरण मिटवले. तर्काने जिथे पोचता आले नाही तिथे तो आवडीनिवडीने पोचला. लजाँद्रनेही पुढे अनेकदा सिद्धता दिल्या आणि प्रत्येकीत काहीतरी भोक निघाले. पण या अयशस्वी लोकांनी एक विलक्षण गोष्ट पक्की केली: पाचव्या गृहीतकाशिवायही, एका त्रिकोणाची बेरीज नेमकी दोन काटकोन असेल तर सगळ्या त्रिकोणांची तेवढीच असते. म्हणजे हा गुण एकेका त्रिकोणाचा नाहीच. तो सबंध प्रतलाचा आहे; एकतर सर्वत्र आहे किंवा कुठेच नाही.

या शोधातला सर्वांत मोलाचा धागा माझ्या मते गणितज्ञ लँबर्टचा. १७६६ मध्ये लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने पाहिले की ‘कमी’च्या जगात तूट क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. याचा अर्थ भयंकर आहे. त्या जगात त्रिकोण मोठा केला की त्याचे कोन बारीक होतात. तोच आकार मोठ्या मापात काढताच येत नाही. ‘४५ अंशांचे कोन असलेला समभुज त्रिकोण काढा’ एवढे सांगितले की बाजूची लांबी आपोआप ठरते. लांबीचे एकक निसर्गातच कोरलेले, प्रमाण मीटरपट्टी तिजोरीत जपायची गरज नाही! जर्मन गणितज्ञ गाउसने १८२४ मधल्या एका पत्रात गमतीने म्हटले होते की युक्लिडची भूमिती खरी नसती तर बरे झाले असते, निरपेक्ष माप फुकट मिळाले असते. हीच बाब उलटी करून ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसने १६६३ मध्ये मांडली होती: कोणत्याही आकृतीची समरूप आकृती हव्या त्या मापात असते एवढे मान्य केले, तर पाचवे गृहीतक सिद्ध करता येते. म्हणजे समरूपता आणि १८० अंश ही एकाच गोष्टीची दोन रूपे. नकाशाचे प्रमाण, इमारतीचा आराखडा, ३० अंशांच्या साइनची एकच किंमत असणे, हे सारे त्या आकड्यावर उभे आहे. बेरीज क्षेत्रफळाप्रमाणे बदलत असती, तर साइनच्या कोष्टकाला प्रत्येक मापाच्या त्रिकोणासाठी वेगळे पान लागले असते.

लजाँद्रच्या एका सिद्धतेची चूकही इथेच उघडी पडते, आणि ती चूक शहाण्या माणसाची आहे. त्याचे म्हणणे: दोन कोन आणि त्यांमधली बाजू दिली की तिसरा कोन ठरतो. पण कोन म्हणजे काटकोनाशी गुणोत्तर, शुद्ध संख्या. बाजू म्हणजे लांबी, एककाशिवाय संख्या नव्हे. संख्येच्या सूत्रात लांबी कशी शिरेल? म्हणून तिसरा कोन फक्त दोन कोनांवर अवलंबून, आणि त्यावरून १८०. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण पृष्ठभागाजवळ स्वतःची लांबी असेल, गोलाजवळ त्रिज्या असते तशी, तर बाजू भागिले त्रिज्या ही शुद्ध संख्या सूत्रात खुशाल शिरते. सपाट प्रतलाजवळ अशी स्वतःची लांबी नाही, हेच सिद्ध करायचे होते, आणि तेच धरून चालले गेले. लोबाचेव्हस्कीने १८२९ पासून आणि बोल्याईने १८३२ मध्ये ‘कमी’चे जग उघडपणे प्रसिद्ध केले. १८६८ मध्ये बेल्ट्रामीने त्याची प्रतिकृती दिल्यावर, ते युक्लिडच्या भूमितीइतकेच सुसंगत आहे याबद्दल शंका उरली नाही.

भारतीय परंपरेकडे वळले तर पहिल्यांदा गोंधळायला होते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत त्रिकोण भरपूर आहेत. भुजा, लंब, आबाधा, कर्ण, क्षेत्रफळ यांची गणिते आहेत, पण कोनांच्या बेरजेचे प्रमेय नाही. ज्योतिषात ज्या आणि कोज्या आहेत, वर्तुळाच्या २१,६०० कला आहेत, तरी त्रिकोणाचे तीन कोन मिळवून पाहावेत असे कोणाला वाटले नाही. युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांच्या रेखागणितातून, आणि तोही नासिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून. यावर कोणी म्हणेल की ज्या प्रमेयावाचून इतके प्रगत गणित चालले ते पायाभूत कसे? पण लीलावतीतला छायाव्यवहार पाहा: शंकू आणि त्याची सावली यांवरून दिव्याची उंची त्रैराशिकाने काढायची. त्रैराशिक चालते कारण लहान आणि मोठा त्रिकोण समरूप आहेत. भुज, कोटी आणि कर्ण यांच्या वर्गांचा नियम तर शुल्बसूत्रांपासूनचा, आणि उरलेली गृहीतके ठेवून तो स्वीकारणे हे पाचवे गृहीतक स्वीकारण्यासारखेच आहे. परंपरेने तीच सपाटी वेगळ्या दाराने घरात घेतली होती. बेरजेचे वाक्य नव्हते, त्याचा मजकूर होता.

कोणी व्यवहारी माणूस विचारेल: जागा प्रत्यक्षात कशी आहे ते मोजून पाहा, गृहीतकांचा काथ्याकूट कशाला? मोजणे झालेले आहे. गाउसने जर्मनीत होहेनहागेन, ब्रोकेन आणि इन्सेल्सबर्ग या शिखरांमधला ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर बाजूंचा त्रिकोण मोजला होता. त्यातून अवकाशाचीच वक्रता तपासण्याचा त्याचा हेतू होता, ही गोष्ट फार सांगितली जाते, पण इतिहासकारांत त्याबद्दल एकमत नाही. १८२७ च्या ग्रंथात त्याने या त्रिकोणाचा उल्लेख केला आहे तो पृथ्वीच्या वक्रतेमुळे येणाऱ्या वाढाव्यासाठी, जो १५ विकलांना किंचित कमी आहे. लोबाचेव्हस्कीने ताऱ्यांच्या लंबनाचा आधार घेतला आणि तूट असलीच तर त्या काळच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर आहे, एवढेच हाती आले. आज हा त्रिकोण विश्वाएवढा झाला आहे: पाया म्हणजे विश्वाच्या आरंभकाळातून आपल्यापर्यंत पोचणाऱ्या आदिप्रकाशातल्या डागांची गणिताने कळणारी रुंदी, शिरोबिंदू म्हणजे आपण, आणि शिरोबिंदूचा मोजलेला कोन साधारण एक अंश. प्लँक उपग्रहाचे २०१८ चे निष्कर्ष इतर निरीक्षणांशी जोडले की वक्रता शून्य निघते, हजारांत एक-दोन भागांच्या चुकीच्या मर्यादेत. ती मर्यादा कितीही आवळली तरी पूर्ण मिटणार नाही. वक्रता असली तर मोजणी ती कधीतरी पकडेल, पण नेमके १८० आहेत असा दाखला ती देऊ शकत नाही. म्हणून गृहीतकाची जागा मोजपट्टी घेऊ शकत नाही.

उरतो शाळेचा प्रश्न, आणि तिथली हरकत सर्वांत वजनदार आहे: तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अयुक्लिडीय भूमिती शिकवायची का? तशी मागणी कोणी करू नये. पण त्या वयातल्या मुलांची एक नेहमीची समजूत असते की मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीजही जास्त असणार. तिला चूक म्हणून खोडून पुढे जाण्यात एक संधी वाया जाते. मूल ज्या जगाचे वर्णन करते आहे ते जग खरोखर आहे, पायाखालीच आहे. फक्त वहीचे पान ते जग नाही. आपल्याकडे नववीच्या पुस्तकात हे प्रमेय समांतर रेषांच्या गुणधर्मांचा उपयोग म्हणून येते, हे तर्काच्या दृष्टीने अगदी बरोबर ठिकाण आहे. अडचण परीक्षेत आहे. तिथे दोन कोन देऊन तिसरा विचारतात, म्हणजे वजाबाकी विचारतात. त्याऐवजी चेंडूवर तीन रबरबँड ताणून तीन काटकोनांचा त्रिकोण करून दाखवावा आणि विचारावे, पाठ केलेल्या सिद्धतेची कोणती ओळ इथे अडेल? पक्ष अडत नाही. बेरीज करण्याची शेवटची ओळही अडत नाही. अडते ती रचना: चेंडूला पुरा वेढा घालणारे कोणतेही दोन ताणलेले रबरबँड एकमेकांना छेदतातच, त्यामुळे शिरोबिंदूतून पायाला समांतर असे काही काढायला जागाच नसते.